बायपोलर, लिथियम आणि कपाटातले डबे: सप्लिमेंट घेणाऱ्यांनी आणि घरच्यांनी इथे लिहा

साळावली
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या थोरल्या भावाबद्दल आहे. त्याला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी बेफाम वर तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार, टाइप १. मूड स्थिर ठेवायला लिथियम चालू आहे, जोडीला रात्री क्वेटियापिनची कमी मात्रा. वेर्ण्याला कारखान्यात नोकरी करतो, शिफ्ट सांभाळतो, आजाराबद्दल घरात उघडपणे बोलतो. म्हणूनच त्याच्या कपाटात जे दिसलं त्याचं जास्त नवल वाटलं. अश्वगंधाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, मॅग्नेशियम, केसांसाठी बायोटिनच्या गमी, जिमच्या ट्रेनरनं सुचवलेलं क्रिएटिन, वजन उतरवायच्या गार्सिनियाच्या गोळ्या आणि मावशीनं कोल्हापूरहून पाठवलेलं ब्राह्मीचं चूर्ण. विचारलं तर म्हणाला, "ही औषधं नव्हेत गे, सप्लिमेंट." डॉक्टरांना सांगितलंस का, तर नाही. "ते विचारत नाहीत, मी सांगत नाही."

मला त्याच्याशी भांडायचं नाही. यातलं काय लिथियमबरोबर चालतं, काय चालत नाही आणि कशाचा खरोखर उपयोग होऊ शकतो, हे समजून घ्यायचं आहे. आई म्हणते, नैसर्गिक आहे तर घेऊ दे की. मला ते पटत नाही, पण उत्तर देण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. ज्यांना स्वतःला हा आजार आहे त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

तेरेखोल
मला बायपोलर आहे. काय चालतं ते जाणकार सांगतील, मी आम्ही हे का घेतो ते लिहितो.

औषधांनी वजन वाढतं, हात थरथरतो, केस गळतात, सकाळी डोकं जड असतं. ओपीडीत नंबर लागतो तेव्हा बाहेर रांग उभी असते. झोप कशी, मूड कसा, काम चालू आहे ना, एवढं बोलून होईतो वेळ संपतो. केस गळतात हे त्या घाईत सांगायला संकोच वाटतो. मग घरी येऊन आपण मोबाईलवर शोधतो आणि डबा घरपोच येतो. यात वेडेपणा काही नाही. ज्याला आपलं शरीर परकं वाटायला लागलेलं असतं, तो त्याच्यासाठी काहीतरी करू पाहत असतो.

दुसरं कारण आतलं आहे. पाहुणे आले की लिथियमची पट्टी खणात जाते, व्हिटॅमिनचा डबा मात्र टेबलावर राहतो. तो डबा घेताना मी रुग्ण नसतो, तब्येतीची काळजी घेणारा माणूस असतो. तुमचा भाऊ "औषधं नव्हेत" म्हणाला ना, त्यात हेही असणार.

तिसरं घरच्यांनी नीट वाचावं. माझा मूड वर चढायला लागतो तेव्हा पहिली खूण बोलण्यात दिसत नाही, ऑनलाइन खरेदीत दिसते. पहाटे चारला उठून धावणं, नवीन डाएट, एकामागून एक मागवलेल्या पावडरी, आणि "आता मला गोळ्यांची गरज नाही" हा विचार. त्यामुळे साळावलीताई, डब्यांत काय आहे ते बघाच, पण ते कधी मागवले तेही बघा. दोन-तीन वर्षांत एकेक करून जमले असतील तर गोष्ट वेगळी. सगळे गेल्या पंधरवड्यात आले असतील आणि झोपही कमी झाली असेल, तर सप्लिमेंटची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन करा.

म्हापशाचा_फार्मसिस्ट
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. काउंटरवरून दिसतं ते सांगतो.

लिथियमचं प्रिस्क्रिप्शन घेऊन येणारा माणूस त्याच फेरीत दुसऱ्या पाच गोष्टी नेतो आणि त्यांबद्दल विचारत नाही. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. तो पाहून लोकांना वाटतं, सरकारनं तपासून दिलंय. तो परवाना खाद्यपदार्थ म्हणून आहे. सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकल्सचे नियम २०१६ साली आले, आणि त्यांनुसार डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची ओळ छापावी लागते. ती बारीक इंग्रजीत असते, कुणी वाचत नाही. आयुर्वेदिक उत्पादनांचा परवाना वेगळा असतो. यातल्या कुठल्याही परवान्याचा अर्थ "बायपोलरच्या औषधांबरोबर चालतं" असा होत नाही.

धागा सप्लिमेंटचा आहे, तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यामुळे जास्त माणसं अडचणीत येतात: वेदनाशामक. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तातली लिथियमची पातळी वाढते. पाठ दुखली, दाढ दुखली की लोक या गोळ्या न विचारता घेतात. लिथियमवर असलेल्याला आम्ही पॅरासिटामॉल देतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटाच्या. तेव्हा कुठल्याही फार्मसीत गेलात तर पहिलं वाक्य "मी लिथियमवर आहे" हे असू द्या. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या.

डॉ_अंत्रुज
मी मानसोपचारात काम करतो. इथे लिहितोय ती माहिती आहे. तुमच्या भावाचं काय चालू ठेवायचं ते त्याचे डॉक्टर त्याला तपासून ठरवतील.

आधी लिथियम समजून घ्या, म्हणजे डब्यांचं आपोआप कळेल. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर इतकी ठेवतात. त्याखाली गुण कमी येतो, १.५ च्या वर विषबाधेची भीती. इतका अरुंद पट्टा असलेली औषधं थोडी आहेत. लिथियम यकृतात मोडत नाही, सगळं मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि मूत्रपिंड त्याला जवळपास मिठासारखंच वागवतं. अंगातलं मीठ किंवा पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याच्यासोबत लिथियमही अडकून राहतं आणि पातळी चढते. आपल्याकडच्या मे महिन्यातला घाम, जुलाब, उलट्या, कडक उपास, रक्तदाबासाठी आणलेलं लो-सोडियम मीठ, या सगळ्यांचा संबंध तिथे येतो.

आता डबे.

मॅग्नेशियम आपणहून फारसं वाईट नाही, पण मात्रा जास्त झाली की जुलाब होतात, आणि जुलाबांतून वर लिहिलेला प्रकार सुरू होतो.

क्रिएटिनच्या दोन अडचणी. बायपोलरच्या नैराश्यात ते देऊन पाहिलं तेव्हा काहींचा मूड उलट वर गेल्याची नोंद आहे. आणि क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं. लिथियमवरच्या माणसाचं मूत्रपिंड आम्ही त्याच आकड्यावरून जोखतो. मग मूत्रपिंडाला काही झालेलं नसताना डॉक्टर घाबरून लिथियम कमी करतील, किंवा खरंच बिघाड असताना "क्रिएटिनमुळे असेल" म्हणून सोडून देतील. दोन्ही वाईट.

बायोटिन. केस गळतात म्हणून घेतलं जातं, आणि केस गळण्यामागं लिथियममुळे मंदावलेली थायरॉईड असू शकते. थायरॉईडसाठी आपण टीएसएच तपासतो, आणि बायोटिनची मोठी मात्रा नेमकी तीच चाचणी बिघडवते. कित्येक प्रयोगशाळांच्या पद्धतीत टीएसएच खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये बायोटिनमुळे चुकणाऱ्या चाचण्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे ज्या आजारामुळे केस गळतायत तो त्या गमीमुळेच झाकला जाऊ शकतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद असावं, आणि घेतो हे प्रयोगशाळेलाही सांगावं.

अश्वगंधा हा सगळ्यात नाजूक विषय. अमेरिकेत पिट्सबर्गला २०१३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. मूड स्थिर असलेल्या बायपोलर रुग्णांना चालू औषधांच्या जोडीला रोज ५०० मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिला, तेव्हा स्मरण आणि प्रतिसादाच्या वेगाच्या काही चाचण्यांत सुधारणा दिसली. जाहिरातवाले एवढंच सांगतात. पण ती चाचणी लहान होती, माणसं स्थिर होती आणि त्यांच्यावर सतत लक्ष होतं. दुसरीकडे अश्वगंधा सुरू केल्यावर मॅनिया, म्हणजे मूड बेफाम वर जाण्याचा झटका, आल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडचं संप्रेरक वाढल्याच्या आहेत, यकृताला सूज आल्याच्या आहेत. ज्याला आधी मॅनिया होऊन गेलाय त्यानं हे स्वतःच्या मनानं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गार्सिनिया बंद करायला सांगेन. त्यानं हायपोमॅनिया (मॅनियाचं सौम्य रूप) आणि मॅनिया झाल्याची प्रकरणं २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एकत्र छापली आहेत.

फिश ऑइलवर मात्र मी फुली मारणार नाही. १९९९ मध्ये हार्वर्डच्या गटानं तीस रुग्णांवर चार महिने मोठ्या मात्रेत ओमेगा-३ वापरलं आणि निकाल आशादायक आले. पुढच्या अभ्यासांनी तो उत्साह थोडा खाली आणला. आजचं चित्र असं की बायपोलरमधल्या नैराश्याच्या बाजूला थोडा फायदा होऊ शकतो, मॅनियावर काही नाही. औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा.

केळशीकर
डॉक्टर, आपण सोलकढी पितो तिचं काय? आमसूलही गार्सिनियाच ना? रोज दुपारी असते आमच्याकडे.

डॉ_अंत्रुज
आमसूल म्हणजे गार्सिनिया इंडिका. गोळ्यांत असते ती गार्सिनिया कंबोजिया, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. दोन्हींत हायड्रॉक्सिसिट्रिक अॅसिड असतं. पण चार आमसुलं पाण्यात भिजवून केलेली सोलकढी हे जेवण आहे, आणि अर्क काढून दिवसाला तीन कॅप्सूल ही मात्रा आहे. सोलकढी प्या, फक्त तिच्यातलं मीठ एकदम बंद करू नका.

निसर्ग_मांद्रे
मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. लिथियम हे केमिकल आहे, त्यानं किडनी जाते, हे डॉक्टरही नाकारत नाहीत. माझ्या मेहुण्यानं ते बंद करून ब्राह्मी, शंखपुष्पी, योग आणि ओमेगा सुरू केलं. वर्ष झालं, उत्तम आहे. त्याला परत गोळ्यांत ढकलायचं का? लोकांना पर्याय हवा असतो. सगळ्यांनी मिळून घाबरवून काय मिळवणार?

डॉ_अंत्रुज
घाबरवायचं नाही. तुम्ही मांडलेली काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मूत्रपिंड: बरीच वर्षं लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींच्या मूत्रपिंडाचं काम हळूहळू उणावतं. म्हणून तर दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम बघायचं, आणि पातळी दर तीन ते सहा महिन्यांनी. बिघाड लवकर दिसला तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

केमिकल: लिथियम खनिज आहे, दगडात आणि झऱ्याच्या पाण्यात सापडतं. ते कुणी कारखान्यात शोधून काढलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये मॅनियाच्या दहा रुग्णांना ते देऊन निष्कर्ष छापले. त्याच वर्षी अमेरिकेत काय घडलं तेही बघा. तिथे हृदयरोग्यांना मिठाऐवजी वापरायला लिथियम क्लोराइड किराणा मालासारखं मिळत होतं. लोक ते मोकळ्या हातानं जेवणावर शिंपडायचे. त्यांचं मीठ तोडलेलं, म्हणजे लिथियम अंगात साठायला सगळी अनुकूल परिस्थिती. विषबाधा झाल्या, माणसं दगावली आणि ते बाजारातून काढावं लागलं. लिथियम तेच, फक्त क्षार वेगळा. पुढे रक्त तपासून दिलं तेव्हा माणसं सावरली, खाद्यपदार्थ म्हणून विकलं तेव्हा मेली. आज लिथियम ऑरोटेट नावानं ते पुन्हा सप्लिमेंट म्हणून ऑनलाइन मिळतं. आधीच लिथियमवर असलेल्या माणसानं त्याला हातही लावू नये.

मेहुणे: वर्षभर बरं वाटणं ही आनंदाची गोष्ट आहे, पण या आजारात दोन झटक्यांमधला काळ उपचाराविनाही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चांगला जाऊ शकतो. त्यामुळे त्या वर्षाचं श्रेय ब्राह्मीला देता येत नाही. लिथियम अचानक तोडल्यावर मॅनिया उसळण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो, हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. थांबवायचं ठरलंच तर आठवडे, महिने घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करायचं असतं. मेहुण्यांना गोळ्यांत ढकलू नका. त्यांना एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडे नेऊन "मी बंद केलंय, आता काय लक्ष ठेवू" एवढं विचारायला लावा. कुणी हाकलणार नाही.

वैद्य_सत्तरी
मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, वाळपई भागात प्रॅक्टिस आहे. निसर्ग यांच्या पोस्टला माझ्या बाजूनंही उत्तर यायला हवं.

आयुर्वेदात रुग्ण न बघता, नाडी-प्रकृती-अग्नी न जाणता औषध देत नाहीत. अॅपवरून मागवलेल्या कॅप्सूलला आयुर्वेद म्हणणं हे आमच्या शास्त्रावरही अन्याय करणारं आहे. ब्राह्मी म्हणून जे चूर्ण विकतात ते कधी जलब्राह्मीचं असतं, कधी मंडूकपर्णीचं. सुटं, लेबल नसलेलं चूर्ण असेल तर आत काय आहे ते मीही वास घेऊन सांगू शकणार नाही. शंखपुष्पीबद्दल मुंबईत काम झालेलं आहे. तिच्यामुळे फेनिटॉइन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी उतरल्याचं १९९२ मध्ये छापून आलं. मूड स्थिर ठेवायला फिटचीच काही औषधं वापरतात, तेव्हा वनस्पती आणि गोळी एकमेकांना ओळखत नाहीत असं समजू नका.

भस्मांबद्दल तर कळकळीनं सांगतो. बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. शोधन-मारण, म्हणजे धातू शुद्ध करून जाळण्याची प्रक्रिया, नीट न झालेलं भस्म मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं, आणि लिथियम घेणाऱ्याचं मूत्रपिंड आधीच कामाला जुंपलेलं असतं. माझ्याकडे असा रुग्ण आला तर त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय मी काही देत नाही. बद्धकोष्ठाला इसबगोल लागलं तरी लिथियमच्या वेळेपासून दूर ठेवायला सांगतो, कारण त्यानं लिथियमचं शोषण घटल्याच्या नोंदी आहेत.

साळावलीताई, कोल्हापूरच्या मावशींना दुखवू नका. चूर्ण प्रेमानं पाठवलंय. "डॉक्टरांनी सध्या थांबवलंय" एवढं पुरे.

निसर्ग_मांद्रे
वैद्य, डॉक्टर, दोघांचंही वाचलं. दोन झटक्यांमधल्या काळाचा मुद्दा मी कधी ऐकला नव्हता. बहिणीशी बोलतो.

फोंड्याची_सून
माझा प्रश्न थोडा वेगळा. मला बायपोलर टाइप २ आहे, मूडसाठी लॅमोट्रिजिनच्या गोळीवर आहे. आम्ही मुलाचा विचार करतोय. नणंदेनं सांगितलं, आत्तापासून फॉलिक अॅसिड सुरू कर. नेटवर वाचलं की लॅमोट्रिजिनबरोबर ते घेऊ नये. दोन्हीकडून घाबरायला झालंय.

डॉ_अंत्रुज
घाबरू नका. तुम्ही वाचलंय त्याला आधार आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. ब्रिटनमधल्या सेक्वेल या चाचणीत बायपोलर नैराश्याचे २०२ रुग्ण होते. क्वेटियापिनच्या जोडीला लॅमोट्रिजिन दिल्यावर फायदा झाला, पण ज्यांना सोबत रोज ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड दिलं त्यांच्यात तो फायदा दिसेनासा झाला. संशोधकांना स्वतःलाही हे अनपेक्षित होतं. म्हणून ज्याला फॉलिक अॅसिडची गरज नाही त्यानं लॅमोट्रिजिनबरोबर "असू दे, व्हिटॅमिनच आहे" म्हणून ते घेऊ नये.

तुमची गोष्ट वेगळी आहे. गर्भधारणेच्या आधी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत फॉलिक अॅसिड बाळाच्या मज्जारज्जूसाठी देतात, ती खरी गरज आहे. एका चाचणीच्या आधारे ते टाळू नका. मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना एकमेकांचे कागद दाखवा, मूडवर लक्ष ठेवायचं ठरवून घ्या. सध्या इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर तेही सांगा. तिच्यामुळे लॅमोट्रिजिनची पातळी उतरते आणि गोळी थांबवली की चढते.

हे वाचणाऱ्या इतर भगिनींसाठी: मूडसाठीच देतात त्या व्हॅलप्रोएटच्या गोळीवर असाल आणि मूल होण्याची शक्यता असेल तर आजच डॉक्टरांशी बोला. त्यातला जन्मदोषांचा धोका मोठा आहे आणि फॉलिक अॅसिड घेतलं म्हणजे तो टळला असं नाही. पण स्वतःहून एका रात्रीत बंदही करू नका.

फोंड्याची_सून
मनापासून आभार. दोघांची अपॉइंटमेंट एकाच आठवड्यात घेते.

डिचोलीकर
आमच्या घरात लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिच्या जत्रेचं व्रत धरणारे भक्त, आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. धाकटा मुलगा लिथियमवर आहे आणि त्यानंही व्रत धरायचा हट्ट धरला. वैशाखातलं ऊन, शिवराक म्हणजे शाकाहारी, बेताचं जेवण, दिवसभर घाम, त्यात शिरगावला रात्रभर जागरण आणि पहाटे होमकुंडातून चालणं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी देवाधर्माला नाव ठेवलं नाही. म्हणाले, पाणी तोडायचं नाही, मीठ नेहमीएवढंच, आणि झोप चुकवायची नाही. एक रात्र जागल्यानंही मॅनियाला सुरुवात होऊ शकते, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं.

आम्ही असं ठरवलं: व्रताचं जेवण तो घेतो, सकाळी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, दुपारी परत पेज, आणि बाटली सतत हातात. जत्रेत दिवसाउजेडी दर्शन, रात्री घरी. होमकुंडाला त्याचा काका जातो. गावातल्या जुन्या धोंडांनीही हे मानलं, कुणी त्याला कमी लेखलं नाही. एकादशी करणाऱ्यांसाठीही सांगते, सैंधव चालतं. तेही मीठच आहे, फक्त अळणी राहू नका.

आणखी एक. उन्हात थकवा येतो म्हणून पोरं एनर्जी ड्रिंक पितात. आमच्या डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. त्यातल्या कॅफीननं झोप जाते, शिवाय कॅफीन लिथियमला लघवीवाटे बाहेर ढकलतं. रोज भरपूर कॉफी पिणाऱ्यानं ती एकदम सोडली तर उलट पातळी चढते, असंही ते म्हणाले.

पर्वरी_जिम
मी ट्रेनर आहे. क्रिएटिनिनच्या चाचणीचं माहीत होतं, मूडचं नव्हतं. आमच्याकडे नाव नोंदवताना मधुमेह, रक्तदाब, दमा विचारतो, मानसिक आजाराचं विचारत नाही. थेट विचारलं तर लोक नाराज होतील म्हणून फॉर्मवर "रोज चालू असलेली कुठलीही औषधं" अशी ओळ घालतोय. आणि प्री-वर्कआउट पावडरीत कॅफीन किती आहे ते डब्यावर न बघता कुणाला देऊ नये, हे माझ्या बरोबरीच्या सगळ्या ट्रेनरांना सांगतो.

काणकोण_आजोबा
एनएसीबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या नातवाला कुणीतरी सुचवलं आहे. आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजारची पुडी?

डॉ_अंत्रुज
आजोबा, एनएसी म्हणजे एन-अॅसिटिल सिस्टीन. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये ७५ बायपोलर रुग्णांना रोज दोन ग्रॅम, चोवीस आठवडे दिलं तेव्हा नैराश्याच्या लक्षणांत चांगला फरक दिसला. नंतरच्या चाचण्यांत तो तसाच दिसला नाही. डॉक्टरांना विचारून करून बघायला हरकत नाही, औषध मात्र चालू हवं.

ड जीवनसत्त्व रक्तात कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या. बायपोलर नैराश्यावर ते देऊन बघितलं तेव्हा औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. लिथियम घेणाऱ्याची एक काळजी वेगळी: लिथियमनं काही जणांचं रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्यावर आठवड्याची पुडी महिनोन्महिने आणि वर कॅल्शियमच्या गोळ्या, असं झालं तर ते आणखी चढतं. पुडी सुरू करण्याआधी कॅल्शियम बघा, आणि कोर्स संपला की थांबवा.

ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वॉर्ट कुणी नैराश्यासाठी घेत असेल तर थांबवण्याविषयी डॉक्टरांशी लगेच बोला. ते क्वेटियापिनसारख्या औषधांची पातळी उतरवतं आणि स्वतः मॅनियाकडे ढकलू शकतं.

साळावली
सगळ्यांचे आभार. तेरेखोल यांनी सांगितलं तसं आधी तारखा बघितल्या. डबे हळूहळू जमलेले आहेत आणि झोप ठीक आहे, त्यामुळे जीव थोडा भांड्यात पडला. मग हा सगळा धागा भावाला वाचायला दिला. क्रिएटिन आणि गार्सिनिया त्यानं स्वतःहून बाजूला काढलं. बायोटिनचं वाचून तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "माझं टीएसएच गेल्या खेपेला चांगलं आलं होतं, तेव्हा मी हे घेत होतो."

सगळ्या डब्यांचे पुढून-मागून फोटो काढले आणि बांबोळीला आयपीएचबी या मानसोपचार इस्पितळात त्याच्या तारखेला दोघं गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. एकेक फोटो मोठा करून वाचला. अश्वगंधा आणि चूर्ण बंद, मॅग्नेशियमची गरज नाही, फिश ऑइल चालू ठेवलं. केस आणि वजनाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, कारण डबे बघून त्यांना ते कळलं. आता बायोटिन बंद करून टीएसएच परत करायचं आहे, आणि सोबत लिथियमची पातळी. भाऊ विचारतोय, लिथियमची तपासणी पहिल्या शिफ्टला जाताना सकाळी सातला दिली तर चालेल का? गोळी रात्री दहाला घेतो.

म्हापशाचा_फार्मसिस्ट
सात वाजता नऊच तास होतात. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, आधी दिलं तर आकडा उगाच जास्त येतो. त्या दिवशी दुसरी शिफ्ट मागून घ्या आणि सकाळी दहाला द्या. शिफ्ट बदलता येत नसेल तर आदल्या रात्री गोळी सातला घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना फोनवर विचारा. सकाळीही गोळी असलेल्यांनी ती रक्त दिल्यावर घ्यावी.

तेरेखोल
आणि ताई, मधल्या दिवसांत थरथर एकदम वाढली, चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. पुढची गोळी न देता थेट इस्पितळात न्या आणि लिथियम चालू आहे हे दारातच सांगा. रात्री-अपरात्री मूडबद्दल कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, भावाच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा. त्याला माझा नमस्कार सांगा. डबे डॉक्टरांपुढे ठेवायला मला बरीच वर्षं लागली होती, त्यानं लवकर केलं.